पंचवीस हजार भाऊबंदांचा किल्ला

रविवारी दुपारी जेवताना, आवाज शक्य तितका साधा ठेवून मी म्हणालो, "आपण फ्रान्समध्ये किल्ला घेतलाय."

"आधी कोशिंबीर संपवा, पाणी सुटतंय तिला," बायको म्हणाली.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. माझ्या कोणत्या घोषणेला किती भाव द्यायचा, याचं तिचं दरपत्रक केव्हाच ठरलेलं आहे. तरी ताकभातावर आल्यावर तिने विचारलंच, "केवढ्याला?"

"एक्कावन्न युरोला. चार हजाराला थोडे कमी."

"चार हजारात किल्ला? पाणी तरी येतं का तिथे?"

पाणी येतं. चहूबाजूंनी भरलेला खंदक आहे, म्हणजे खालून येतं. आणि छप्पर नाही, म्हणजे वरूनही येतं. चोवीस तास पाणी असलेली ही आमच्या घराण्यातली पहिलीच वास्तू.

ही 2017 च्या डिसेंबरातली गोष्ट. माझा भाचा नोकरीनिमित्त लिआँला असतो. त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला, ड्रोनवरून काढलेला. पाण्यात उभा एक दगडी किल्ला. बुरूज आहेत, कमानी आहेत, खिडक्यांच्या चौकटी आहेत; फक्त खिडकीच्या आत खोलीऐवजी झाड आहे. दिवाणखान्यात उगवलेली झाडं छपराच्या जागी फांद्या पसरून बसली आहेत, आणि वेली जणू जिन्याने चढून वरच्या मजल्यावर राहायला गेल्या आहेत. खाली भाच्याचा मजकूर होता, "मामा, हा विकायला आहे. सगळे मिळून घेतायत. तू येतोस का?"

वर्गणी म्हटलं की मराठी माणूस आधी मान हलवतो आणि मग किती म्हणून विचारतो. मी विचारलं. उत्तर आलं, पन्नास युरो वर्गणी आणि वर एक युरोचा समभाग. पन्नासावर एक! मला एकदम घरच्यासारखं वाटलं. शुभकार्याचा आहेर एक्कावन्नचाच असतो, हे फ्रेंचांना कुणी शिकवलं कोण जाणे.

किल्ल्याचं नाव ला मोत-शांदनिए. फ्रान्सच्या पश्चिमेकडे, व्हिएन विभागात, ले त्रुआ-मुतिए गावापाशी. पडके किल्ले लोकांना दत्तक घ्यायला लावणारी एक संस्था आणि इंटरनेटवरून वर्गणी जमवणारी एक कंपनी यांनी मिळून हाक दिली होती. किल्ला पाच लाख युरोंना मिळत होता. पाच लाख मागितले, तर 115 देशांतल्या 25 हजारांहून जास्त माणसांनी 16 लाख जमवून दिले. आमच्या गणपतीत मागितलेल्यापेक्षा जास्त जमल्याचं एकच वर्ष मला आठवतं, आणि त्या वर्षी दोन पावती-पुस्तकं छापली गेली होती.

पाच लाख युरो म्हणजे तेव्हाचे पावणेचार-चार कोटी रुपये. एवढ्यात दादरला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळायचा, पार्किंगबद्दल वेगळं बोलावं लागायचं. इथे खंदक किमतीतच धरलेला होता.

*

पण मला खरी अडचण आली ती भाषेची. "किल्ला घेतला" असं मी ज्याला सांगे, तो माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघे. चूक त्याची नव्हती. मराठीत साडी घेतात, फ्लॅट घेतात, तसा किल्लाही घेतात. पण किल्ला घ्यायला दोर लागतो, अंधारी रात्र लागते आणि परत न आलं तर घरच्यांचं बघायला कुणीतरी लागतं. तानाजीने 1670 मध्ये कोंढाणा घेतला, तो काही हप्त्यांवर नाही. आमच्याकडे किल्ले जिंकले, हरले, तहात दिले. 1665 च्या पुरंदरच्या तहात एका दमात 23 दिले. मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, अंगठा शाईत बुडवून किल्ल्याचं खरेदीखत करणं आमच्या रक्तातच नाही. आजही आमचे महत्त्वाचे गड पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीमागे उभे आहेत, त्यांच्यापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने द्यावेत अशी नुसती कुजबुज 2019 मध्ये झाली तर अख्खा महाराष्ट्र पेटला होता.

युरोपात तसं नाही. तिथे किल्ला हे सरदाराचं घर. घर म्हटलं की वारस आले, वारस आले की छपराचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न आला, आणि तो प्रश्न आला की 'विकणे आहे' आलं. तोफांनी युरोप घेणाऱ्या पहिल्या नेपोलियननेसुद्धा पियरफोंचा पडका किल्ला 1810 मध्ये रीतसर पैसे मोजून घेतला, तीन हजार फ्रँकहूनही कमी किमतीत. घेतला आणि तसाच ठेवला. पुढे त्याचा पुतण्या तिसरा नेपोलियन गादीवर आला. त्याने व्हिओले-ल-द्युक नावाच्या वास्तुविशारदाला 1857 मध्ये कामाला लावलं आणि काकांनी घेऊन ठेवलेली पडझड नव्याने उभी केली. काका-पुतण्याच्या व्यवहाराचा इतका गोड शेवट शनिवारवाड्याच्या पाच मैलांच्या परिसरात सांगितला तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

*

आमच्या किल्ल्याची (मी 'आमच्या' म्हणतोय, एक्कावन्न युरो भरलेत) कुंडलीही पाहून घ्या. तेराव्या शतकात तो बोसे घराण्याकडे होता. मध्ययुगात इंग्रजांनी तो दोनदा घेतला. हे 'घेणं' आपल्या अर्थाचं. फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांनी त्याची नासधूस केली. 1809 मध्ये एका व्यापाऱ्याने विकत घेऊन डागडुजी केली, आणि त्याच शतकात पुढे एका बॅरनने त्याला मध्ययुगीन दिसावं म्हणून आणखी बुरूजबिरूज चढवून नटवलं. म्हणजे मध्ययुग अस्सल होतंच, पण बॅरनला ते कमी पडलं. आपल्याकडे खऱ्या वाड्याशेजारचं मंगल कार्यालय वाड्यापेक्षा जास्त पेशवाई दिसतं, त्यातलाच प्रकार.

आणि 1932 मध्ये मालकांनी मोठ्या हौसेने किल्ल्यात सेंट्रल हीटिंग बसवलं. सातशे वर्षं कुडकुडत काढलेल्या त्या वास्तूला ऊब म्हणून काही सोसली नाही. आग लागली. ग्रंथसंग्रह गेला, भिंतीवरचे विणलेले पडदे गेले, छप्पर गेलं. झाडांनी पाहिलं की वर आता कुणी अडवायला नाही, आणि ती आत आली.

हे सगळं बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बघा. आणि तुम्ही सोलर बसवा म्हणून माझ्या मागे लागता."

*

एकदा मालक झाल्यावर मी किल्ले घेणाऱ्या इतर मंडळींचा अभ्यास सुरू केला. आपल्या बरोबरीचे लोक कोण आहेत ते माहीत असावं.

अमेरिकेतला वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने 'कंट्री लाइफ' या मासिकात वेल्समधल्या सेंट डोनॅट्स किल्ल्याचे फोटो पाहिले आणि 1925 मध्ये तारेवर तार करून तो विकत घेतला. प्रत्यक्ष पाहिला तीन वर्षांनी. हे वाचून मला हसू आलं नाही, कारण नवी मुंबईतला फ्लॅट आम्ही अगदी याच पद्धतीने घेतला. फरक एवढाच की त्याच्या फोटोत जे होतं ते जागेवरही होतं. हर्स्टने मग आत डझनावारी संगमरवरी न्हाणीघरं बांधली, इंग्लंडातल्या जुन्या मठांची छतं उचलून आणून बसवली, आणि आयुष्यभरात सगळे मुक्काम मिळून तिथे राहिला जेमतेम चार महिने. कोकणात निवृत्तीसाठी घर बांधणारे माझे तीन मित्र त्याच वाटेने चालले आहेत.

दुसरे गृहस्थ नट जेरेमी आयर्न्स. यांनी 1998 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, समुद्राच्या फाट्यावर उभा असलेला किलको हा पंधराव्या शतकातला पडका किल्ला घेतला आणि सहा वर्षं त्यावर घालवली. सहा वर्षं वारा, पाऊस, मचाण आणि गवंडी. शेवटी किल्ला उभा राहिला, आणि त्याला बाहेरून रंग दिला तांबूस-पीच. इतका वेळ शांत असलेला गाव जागा झाला. हा रंग गुलाबी आहे की काय, यावर चर्चा झडल्या. किल्ला शेकडो वर्षं पडका होता तेव्हा कुणाला खुपला नाही. रंगला तसा खुपला. आमच्या सोसायटीत 'बिस्कीट की क्रीम' या विषयावर दोन सर्वसाधारण सभा तहकूब झाल्या आहेत, त्यामुळे मला त्या नटाबद्दल अतोनात सहानुभूती वाटली.

इटलीच्या सरकारने तर 2017 मध्येच 103 जुन्या वास्तू, त्यात किल्लेही, तरुणांना मुदतीवर फुकट देऊ केल्या. अट एकच, स्वखर्चाने दुरुस्त करून पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांची सोय करायची. फुकट वस्तू किती महाग पडते हे ज्यांनी लग्नात आलेला डिनर सेट चार घरं बदलताना वाहिला आहे त्यांना सांगायला नको.

*

दुरुस्तीचं शास्त्र वाचायला घेतलं तसा माझा आणखी एक गैरसमज दूर झाला. किल्ला घेणाऱ्याला चुना लावतात असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात किल्ला घेणाऱ्यालाच चुना लावावा लागतो, आणि तोही खरा.

जुन्या भिंतीला सिमेंट चालत नाही. जुनी दगडी भिंत ओल पिते आणि उन्हात ती सोडून देते. तिच्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते. थंडीत तिचं बर्फ होतं, बर्फ फुगतं, आणि सिमेंट जिथल्या तिथे मिजाशीत बसून राहतं, पापुद्रे सुटतात ते बिचाऱ्या दगडाचे. घरात एखादा कडक शिस्तीचा सासरा असला की सुटतात तसे. म्हणून चुना. कळीचा चुना पाण्यात सोडला की पाणी खदखदायला लागतं, पांढऱ्या वाफा येतात, ढेकळं चरचरत फुटतात. मग तो निवलेला लोण्यासारखा लगदा महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचा. जितका जुना तितका चांगला, लिंबाच्या लोणच्यासारखा. आपल्या गडांवर फिरताना जमिनीत गोल दगडी चर आणि त्यात आडवं पडलेलं एक जाडजूड दगडी चाक दिसतं, ज्यावर बसून लोक फोटो काढतात, ती चुन्याची घाणीच. बैल फिरायचे, चुना मळला जायचा. त्या अर्थाने हा विषय आमचा आधीपासूनचा.

मग वटवाघळं. ब्रिटनमध्ये पडक्या वास्तूत वटवाघळांचा मुक्काम असेल, तर कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. आधी तज्ज्ञ येऊन ती मोजणार, मग काम कोणत्या महिन्यात करायचं ते ठरणार. मालक तुम्ही, कर तुमचा, छप्पर तुमचं. ती मात्र उलटी लटकून निवांत. ज्यांच्या इमारतीत पागडीचे भाडेकरू आहेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पागडीवाला निदान महिन्याला सत्तावीस रुपये तरी देतो.

पण सगळ्यात मला आवडलं ते गवत. पडक्या भिंतीचा शत्रू म्हणजे तिच्या उघड्या माथ्यावरून आत झिरपणारं पाणी. त्यावर इंग्लंडातल्या जाणकारांचा एक उपाय असा, की भिंतीच्या माथ्यावर मातीसकट गवताचा थर अंथरायचा. गवत पाणी पितं, ऊन-थंडीचा तडाखा झेलतं, खालचा दगड वाचतो. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि डोळ्यांसमोर आमचा गावचा वाडा उभा राहिला. त्याच्या भिंतींवर गेली चाळीस वर्षं हेच शास्त्र एकही रुपया न खर्चता राबवलं जात आहे.

*

आमचा वाडा सातारा जिल्ह्यात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्याला बावीस नावं आहेत, पैकी नऊ हयात नाहीत आणि त्यामुळे कोणत्याही प्रस्तावाला विरोध करायला सदैव उपलब्ध आहेत. दर्शनी भिंतीत पिंपळ उगवला आहे. पिंपळ तोडू नये म्हणून तो कुणी तोडत नाही. खरं तर तोडायचा खर्च कुणी करायचा हे ठरत नाही, पण धर्माचं कारण सांगितलेलं बरं दिसतं.

विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराने 1877 मध्ये जुन्या इमारती वाचवायला एक संस्थाच काढली होती. तिचं म्हणणं असं, की जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करू नका, नुसती डागडुजी करा. नवं करायच्या नादात जुनं मरतं. गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा लागलेलं देऊळ ज्याने पाहिलं आहे तो मॉरिसच्या पायावर डोकं ठेवील. आमच्या ला मोत-शांदनिएतही तेच ठरलं होतं. किल्ला पुन्हा चकाचक करायचा नाही, पडलेला आहे तसा सावरून धरायचा. आणि मला वाटलं, हे तर आम्ही भाऊबंदकीने साधलं! आमच्या शेजारच्या घराण्यात भावाभावांत एवढं प्रेम, की त्यांचा वाडा पाडून तिथे खाली गाळे आणि वर चार मजले उभे राहिले. ज्यांचं पटलं त्यांचे वाडे गेले. ज्यांचं पटलं नाही त्यांचे अजून उभे आहेत. पुरातत्त्व खात्याने एखाद्या वास्तूला खरंच वाचवायचं ठरवलं, तर तिच्यावर पाटी लावण्यापेक्षा तिला बावीस वारस लावावेत.

हा सिद्धांत मी बायकोला मोठ्या थाटात ऐकवला. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आबांचा फोन आला होता पावसाळ्याआधी, त्याचं काय केलंत?"

आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. वाड्यात ते एकटेच राहतात. मागच्या मेमध्ये त्यांचा फोन आला होता, की ओसरीची भिंत वरून उघडी पडली आहे, पत्रे टाकून घेऊ, प्रत्येकी दोन हजार पाठवा. मी काय म्हणालो होतो ते मला स्पष्ट आठवत होतं. मी म्हणालो होतो, "बघू. आधी बाकीच्यांचं काय ठरतंय ते कळू दे."

ती भिंत ऑगस्टमध्ये पडली.

फ्रान्सच्या किल्ल्यात बाकीच्या 25 हजारांचं काय ठरतंय, हे मी विचारलं नव्हतं. ले त्रुआ-मुतिएचे काका काय म्हणतात, नागपूरच्या आत्यांचा हिस्सा किती, धाकट्याने मागच्या वेळचे दिलेत का, यातलं काहीच नाही. तो किल्ला माझा नव्हता म्हणून मला तो पटकन आपला म्हणता आला.

पुढच्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. पडलेल्या भिंतीची माती अंगणात ढिगाने पडली होती. जुन्या वाड्यांची ती पांढरी माती, हातात घेतली की पिठासारखी. गल्लीतल्या पोरांनी त्याच मातीचा किल्ला केला होता. तीन बुरूज, दगडाचा पायथा, झाकणाचं तळं, सिंहासनावर महाराज, आणि तटावर प्लॅस्टिकचे मावळे, त्यातला एक शत्रूच्या गोटातून आणलेला, हातात मशीनगन असलेला. तटांच्या माथ्यावर पोरांनी मोहरी पेरली होती. ती बोटभर उगवून हिरवीगार झाली होती. इंग्लंडचे जाणकार ज्या निष्कर्षाला एवढ्या अभ्यासानंतर पोचले, तो इथे तिसरी ब पर्यंतच्या मुलांनी परस्पर अमलात आणला होता.

"काका, किल्ला बघायचे पाच रुपये," त्यांचा खजिनदार म्हणाला.

मी लगेच पाच रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. पावतीही मागितली नाही.

आबा ओसरीच्या उरलेल्या भागात उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. फक्त घसा खाकरला.